दिवाण, दप्तर आणि सिसिलीचा रॉजर

सिसिलीच्या दुसऱ्या रॉजरबद्दल वाचतो आहे. नॉर्मन घराणं, म्हणजे उत्तर फ्रान्समधून आलेलं. 1105 मध्ये थोरला भाऊ वारला आणि नऊ वर्षांचं हे पोर काउंट झालं; कारभार आई अ‍ॅडिलेड बघायची. 1127 मध्ये चुलतपुतण्या निपुत्रिक मेला, तेव्हा यानं दक्षिण इटलीतली आपुलियाची डची, म्हणजे ड्यूकचं राज्य, बळकावली आणि 1130 च्या नाताळात सिसिलीतल्या पालेर्मो शहरात स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला. त्याच्या कारभाराच्या वर्णनात सारखा ‘दीवान’ येतो. हा आपलाच दिवाण का? ख्रिस्ती राजाकडे कुठून आला?

– आपलाच. मूळ फारसी, अरबीत गेलेला. आधी नोंदवही, मग ती ठेवणारी कचेरी. माणसाला दिवाण म्हणणं नंतरचं, आणि आपल्याकडे तर पलंगवजा बैठकसुद्धा दिवाणच! रॉजरच्या बापानं आणि चुलत्यानं सिसिली मुसलमान अमिरांकडून जिंकली, पण जमिनीचा हिशेब अरबीत ठेवणारे कारकून राहिले. रॉजरनं राजा झाल्यावर ही व्यवस्था आणखी वाढवली, नमुना इजिप्तच्या फातिमी दरबाराचा. लॅटिन कागदांत याच कचेरीला ‘दुआना’ म्हणत. इटालियनमधलं ‘दोगाना’ म्हणजे जकातीची कचेरी, तेही याच मुळाचं.

– दप्तर विसरू नका! पालेर्मोत जमिनीच्या नोंदवह्यांना ‘देफेतारी’ म्हणत, म्हणजे अरबी ‘दफातिर’, दफ्तरचं अनेकवचन. 1161 मध्ये, रॉजरच्या मुलाच्या काळात, राजवाड्यात दंगल झाली आणि त्या वह्या नष्ट झाल्या. मग मत्तेओ नावाच्या जुन्या लेखनिकाला तुरुंगातून काढून नव्यानं लिहायला बसवलं, कारण त्यातलं ठाऊक असणारा तोच! आपल्याकडचे जुने कुलकर्णी आठवले. गंमत म्हणजे शब्द मुळात ग्रीक, ‘दिफ्थेरा’, कमावलेलं कातडं. रॉजरच्या दरबारात ग्रीक लेखनिकही होते, म्हणजे शब्द फिरून माहेरच्यांच्या शेजारी येऊन बसला. आणि आपली पोरं तोच पाठीला लावून शाळेत जातात.

– शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी दप्तर काही हललं नाही.

– मग अ‍ॅडमिरलचा अमीराशी संबंध म्हणतात, तो खरा का?

– खरा. रॉजरचा मुख्य मंत्री जॉर्ज ऑफ अँटिऑक, ग्रीक ख्रिस्ती. त्याची पदवी ‘अमिरातुस अमिरातोरुम’, अमिरांचा अमीर. आरमारही तोच चालवायचा, 1148 मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं महदिया त्यानंच घेतलं. सिसिलीत अमीर हा आधी कारभारी होता. जहाजांचा अर्थ पुढे घट्ट झाला. आणि जाता जाता, ‘उमराव’ हे अमीरचंच अरबी अनेकवचन आहे, ‘उमरा’. ‘अमीर-उमराव’ म्हणताना आपण एकच शब्द दोनदा म्हणतो.