सहलीतली खरेदी: मन हलकं होतं की जड?

सांजवारा:
काल इथे कुणीतरी लिहिलं, 'सहलीत मनसोक्त खरेदी करा, मनाला त्यासारखं औषध नाही.' राहवलं नाही म्हणून लिहितेय. काश्मीरला टूरवाल्याने दल सरोवरासाठी पाऊण तास दिला आणि शालींच्या दुकानासाठी अडीच तास. हातात कहवा, समोर गादीवर एकेक शाल उलगडतेय. तिसाव्या-चाळिसाव्या शालीला आई रडकुंडीला आली. समोरच्याने एवढं पसरून ठेवलं की तिला नाही म्हणवत नाही. अठरा हजार मोजले. रात्री हॉटेलात बिल उघडून बघायची, घडी घालायची, पुन्हा उघडायची. हे औषध?

भटक्या_७२:
दोष टूरवाल्याचा, राग खरेदीवर कशाला? बाबा गेल्यावर वर्षभर मी कुणाशी धड बोललो नव्हतो. जयपूरला बापू बाजारात मोजडीसाठी अर्धा तास घासाघीस केली आणि कितीतरी दिवसांनी हसलो. माझ्यासाठी ते औषधच होतं.

सांजवारा:
तुम्ही पायी, मनाने गेलात. आमची बस दारात उभी होती. चीनने 2013 च्या पर्यटन कायद्यात ठरावीक दुकानात नेऊन कमिशन खायला बंदी घातली, ती उगाच नाही.

जुनी_पैठणी:
शाल अस्सल आहे का पण? काश्मिरी पश्मिन्याला, म्हणजे तिथल्या तलम लोकरीच्या शालीला, 2008 पासून जीआय (त्या भागाचीच वस्तू म्हणून सरकारी नोंद) आहे. अंगठीतून काढून दाखवली असेल तर विश्वास ठेवू नका, व्हिस्कोसची, म्हणजे कृत्रिम धाग्याची शालही त्यातून निघते. दशीचा एक धागा जाळा. केस जळल्यासारखा वास आला नाही तर लोकर नाहीच.

माग_आणि_मी:
घासाघीस करून हसलात? माझे सासरे येवल्यात मागावर बसायचे. महिनोन्‌महिने विणलेली पैठणी लोक निम्म्या भावात मागायचे. त्या रात्री ते ताटावरून उठायचे. मन काय फक्त गिऱ्हाइकालाच असतं?

भटक्या_७२:
मी मोजडीबद्दल बोललो, पैठणीबद्दल नाही! माझ्या दुःखाचा हिशेब तुम्ही मांडू नका.

माग_आणि_मी:
मोजडीही कुणीतरी हातानेच शिवते.

भटक्या_७२:
...बरं. तो मुद्दा मान्य. पण त्या दिवशी मला बरं वाटलं, हे मी मागे घेणार नाही.

सांजवारा:
घेऊ नका. आईने ती शाल एकदाही पांघरलेली नाही. रविवारी ती देवळात गेली की धागा जाळून बघते. खोटी निघाली तर तिला सांगणार नाही.