सायसर मिल्कव्हेच : उगवण कमी का होते?

सायसर मिल्कव्हेच या चारा पिकाचे बी पेरूनही रोपे विरळच उगवली, म्हणून हे बी निकृष्ट असावे, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो मला घाईचा वाटतो. अ‍ॅस्ट्रॅगॅलस सायसर (सायसर मिल्कव्हेचचे शास्त्रीय नाव) या बहुवर्षायू शेंगवर्गीय वनस्पतीच्या बियांचे कवच इतके टणक असते की ते खरवडल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. त्यामुळे चांगले बीसुद्धा मातीत दीर्घकाळ तसेच पडून राहते. बारीक पॉलिश कागदावर बी हलकेच घासून, योग्य रायझोबियम जिवाणूंची (मुळांवरील गाठींत राहून हवेतील नत्र पिकाला मिळवून देणाऱ्या) प्रक्रिया करून ते उथळ पेरावे. पहिल्या वर्षी वाढ संथच असते आणि तण वेळीच काढले नाही तर रोपे दबून जातात, मात्र एकदा जम बसला की जमिनीखालची आडवी खोडे पसरत जाऊन मोकळ्या जागा स्वतःच भरून काढतात.

फुले फिकट पिवळी असतात. शेंग मात्र निरखून पाहण्याजोगी आहे, कारण ती फुग्यासारखी फुगलेली व लवदार असते आणि पिकल्यावर काळी पडते.

लसूणघासामुळे होणारी पोटफुगी या चाऱ्याने होत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. तरीही केवळ याच चाऱ्यावर ठेवलेल्या जनावरांची कातडी उन्हाने भाजल्यासारखी झाल्याचे प्रकार आढळले आहेत, म्हणून त्यात गवत मिसळून पेरणेच मला योग्य वाटते.