कोरफड खालून सडतेय, काय करू? (जरा लवकर सांगा)

काटेरी_कोपरा
कोरफडीची पानं बुडाशी मऊ पडून गळायला लागलीत, आधी एकच होतं, आता जवळपास निम्म्या पानांचं तेच चाललंय, हात लावला की पान आख्खं हातात येतं. एक जण सांगतो पाणी कमी पडलंय, दुसरा सांगतो जास्त झालंय. खत घालून झालं, फरक शून्य. झाड जुनं आहे, टाकायचं नाहीये. आणि नुसतं "पाणी कमी घाला" सांगणार असाल तर राहू द्या, ते माहितीये.

टमरेल
कुंडी कसली, भोक आहे का, माती कसली, पाणी कधी, ऊन किती? फोटो डकवा की एखादा.

काटेरी_कोपरा
माती साधीच, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातलेली. पाणी रोज नाही घालत. फोटो चढत नाहीये.

टमरेल
"रोज नाही" म्हणजे दिवसाआड का? आणि भोकाचं राहिलंच.

काटेरी_कोपरा
आतल्या प्लास्टिकच्या कुंडीला आहे, ती चिनी मातीच्या शोभेच्या कुंडीत ठेवलीय. तिला नाही. पाणी माती वरून कोरडी दिसली की घालते.

पानगळ
झालं, सापडलं. वरची माती सुकते, पण कोकोपीट आत ओलं राहतं आणि बाहेरच्या कुंडीत पाणी साचून मुळं त्यातच बसतात. हवा मिळाली नाही की मुळं गुदमरतात, मग बुरशीला रान मोकळं.
आता झाड उपटा, मुळं धुवा. पांढरट-पिवळसर टणक असतील ती ठेवा. काळी-तपकिरी, चिमटीत धरली की साल निसटून येणारी सगळी कापा. चाकूचं पातं दर कापाला स्पिरिटने पुसा. बुंधा आतून तपकिरी दिसला तर चकत्या काढत वर सरका, काप पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत, इथे दयामाया नको, थोडं राहिलं तरी परत सडतं. मग सावलीत, हवेशीर जागी उघडंच ठेवा, कापावर कोरडी खपली धरेपर्यंत, आठवडा लागला तरी चालेल. नंतर निम्मी जाड वाळू किंवा परलाइट (नर्सरीत मिळतात ते पांढरे हलके खडे) घालून लावा आणि लगेच पाणी घालू नका.

रानवेडी
कापाला दालचिनी पूड लावा, मी कायम लावते, एकही झाड गेलेलं नाही.

पानगळ
ते दालचिनीमुळे नाही, तुम्ही काप सुकू देता म्हणून. मुळांना तर लावूच नका, सुकतात.

रानवेडी
माझा अनुभव सांगितला, तुम्हाला पटायलाच हवा असं नाही.

बागोबा
एवढा खटाटोप कशाला? एक चांगलं पान तोडून मातीत खोचा, नवीन झाड.

टमरेल
बागोबा, ते बऱ्याच दुसऱ्या रसाळ झाडांचं. कोरफडीचं नुसतं पान बहुतेक वेळा मातीत सडतंच. बाजूला पिल्लं असतील तर ती मुळासकट वेगळी करा, झाड गेलं तरी वाण राहील.

बागोबा
माझं आलं होतं.

टमरेल
त्याला बुंध्याचा तुकडा चिकटून आला असणार.

जेलप्रेमी
अवांतर: गळलेल्या पानांचा गर केसांना चालेल का?

पानगळ
सडक्या पानाचा अजिबात नको. चांगल्या पानाचाही कापल्यावर येणारा पिवळा चीक निथळू द्या, काहींच्या कातडीला खाज सुटते. तो पोटात गेला तर जुलाब होतात. घरात कुत्रं-मांजर असेल तर तुकडे खाली टाकू नका, त्यांनाही बाधतो.

काटेरी_कोपरा
केसांचं नंतर बोला हो. उपटलं आत्ता. मुळं बहुतेक गेलीत, बुंधा कापला तर आत पाणीदार आणि भयंकर वास येतोय. बुरशीनाशक आणून ठेवलंय, ते मारू का?

पानगळ
पाणचट आणि घाण वास म्हणजे बहुधा जिवाणूंची सड, तिला बुरशीनाशक लागू पडत नाही. वर स्वच्छ बुंधा उरतोय का?

काटेरी_कोपरा
बोटभर. मुळं नाहीत त्याला.

पानगळ
चालेल, मुळं नसली तरी बुंध्याला फुटतात. खालची पानं काढून तेवढा भाग मोकळा करा, सुकवा, कोरड्या वाळूत टेकवून ठेवा. कडक ऊन नको. जुनी माती फेका, दुसऱ्या कुंडीत घालू नका.

रानवेडी
आणि दालचिनी.

काटेरी_कोपरा
पिल्लं दोन आहेत, पण एकाचा बुडखा मऊ लागतोय. ते पण कापू का?