लूव्र म्युझियममध्ये अपंगांना तिकीट माफ, रांग माफ. पटतं का तुम्हाला?

खडूस_खार
पॅरिसला जाऊन आले. मी व्हीलचेअरवर असते, लहानपणीचा पोलिओ. लूव्रचा नियम असा की अपंग माणूस आणि त्याच्यासोबतचा एक जण, दोघांनाही तिकीट नाही आणि पुढे सोडतात. रांगेचं मान्य, पण तिकीट का माफ? मी नोकरी करते, टॅक्स भरते, नवरा चांगला धडधाकट आणि तोही माझ्या नावावर फुकट आत, वर खुशीत सगळ्यांना सांगत सुटलाय की हिच्यामुळे पैसे वाचले. मला नाही आवडलं. बिचारी म्हणून सोडून दिल्यासारखं वाटतं. पैसे घ्या आणि हक्काने बघू द्या की.
बाकी आत शिरायच्या काचेच्या पिरॅमिडमधली लिफ्ट भारी आहे हां. गोल जिन्याच्या मधोमध वरून उघडा असा एक जाडजूड खांब, तोच तुम्हाला घेऊन सावकाश खाली जातो आणि आजूबाजूचे लोक तुमचेच फोटो काढत बसतात.

मेट्रोपीडित
अजिबात सहमत नाही. ही दया नाही, हिशोब आहे. पॅरिसची मेट्रो 1900 सालची, नुसते जिने. अख्खी लाईन चेअरने करता येईल अशी जुन्यातली एकच, 14 नंबर, ती 1998 ला आली म्हणून. म्हणजे बस शोधा नाहीतर टॅक्सी करा, लिफ्टवालं हॉटेल घ्या, सोबतच्या माणसाचं विमान वेगळं. हे सगळं खिशातून जातं तेव्हा स्वाभिमान गप्प आणि 2024 च्या दराने 22 युरो माफ झाले की लगेच दुखावतो?

रांगेतला_राम
मी उलट बोलतो, शिव्या घाला. तिकीट माफ करा, वर चहा पाजा, पण मोना लिसासमोर चेअरवाल्यांना दोरीच्या आत सोडतात ते खटकतं. आम्ही मुंगीच्या पावलाने सरकत पोचलो तर पुढे एक काका चेअरमध्ये निवांत. आपल्या लोकांना तर एअरपोर्टवर चेअर मागवायची सवयच आहे, उतरले की तुरुतुरु चालतात. लूव्रमध्ये चेअर फुकट वापरायला मिळते म्हटल्यावर तर बघायलाच नको.

खडूस_खार
@राम एकदा त्या हॉलमध्ये खाली बसून बघ. चित्र 77 बाय 53 सेंटिमीटर, त्यात काचेमागे, आणि माझ्या उंचीवरून दिसतात लोकांच्या बॅगा आणि पार्श्वभाग. आत सोडलं नसतं तर मी मोना लिसा दुसऱ्याच्या फोनवर बघून आले असते. ती जागा म्हणजे बक्षीस नाहीये. खोटारडे पकडा ना, माझी जागा कशाला काढता?

गुडघेदुखी_स्पेशल
तुरुतुरु चालणाऱ्यांतली एक मीच. थोडं चालते, मग गुडघा बोलायला लागतो, आणि लूव्र म्हणजे राजवाडा आहे, एक बाजू संपता संपत नाही. चित्र जवळून बघायला चेअरवरून उठले की लोक असे बघतात की पोलिसात देतील. उभं राहता येतं म्हणजे नाटक नसतं हो.

इतिहासात_नापास
1974 ला मोना लिसा टोकियोला नेली होती तेव्हा गर्दीचं कारण सांगून, ज्यांना मदत लागते अशा अपंगांना येऊच देत नव्हते. त्यावर एका अपंग बाईने चित्रावर लाल स्प्रे मारला. चित्र वाचलं, बाईला दंड झाला, पण मग तिथल्या म्युझियमने एक दिवस फक्त अपंगांसाठी ठेवला. फुकट वगैरे म्हणण्याआधी हे माहीत असू द्या.

खडूस_खार
स्प्रेचं माहीत नव्हतं, बाई जबरदस्त. पण एक वेगळा दिवस म्हणजे वेगळी पंगतच ना? मला सगळ्यांच्या गर्दीतच बघायचंय.

दादाची_ताई
तुम्ही दोरीवरून भांडताय, माझ्या भावाला दिसत नाही, त्याला दोरीच्या आत सोडून काय फायदा? माद्रिदच्या प्रादो म्युझियमने 2015 ला सहा चित्रांच्या उठावदार प्रती ठेवल्या होत्या, हात लावून बघायच्या. त्यात त्यांच्याकडची मोना लिसाची जुनी नक्कलही होती. असं काही कायमचं असेल तर आम्ही दुप्पट तिकीट देऊ. नाहीतर मी कानात वर्णन करते आणि आजूबाजूचे शूऽऽ करतात.

रांगेतला_राम
ताई, तुमचं पटलं. चेअरवाल्यांचंही अर्धं पटलं. पण त्या काकांबरोबर पाच जण होते त्याचं काय?

मेट्रोपीडित
तिकीट सोबतच्या एकाचंच माफ आहे, बाकीच्यांनी काढलंच असेल. दोरीचं तिथेच गार्डला विचारायचं होतंस.

रांगेतला_राम
फ्रेंचमध्ये?