फादरांच्या शाळेचा इतिहास सुरू कुठून होतो?

बावखल :
परवा बहिणीच्या दाखल्याची दुसरी प्रत काढायला जुन्या वसईतल्या आमच्या शाळेत गेलो. काउंटरवर चकचकीत स्मरणिका पडली होती, 'शाळेचा इतिहास'. पहिल्या पानावर पोर्तुगीज, त्यांना वसई देणारा 1534 चा तह, किल्ल्यातले जेझुइट पंथाचे फादर, त्यांच्याकडे शिकलेले आणि 1597 मध्ये नागासाकीत क्रुसावर गेलेले संत गोन्सालो गार्सिया. पान उलटलं की थेट इंग्रजी माध्यमाची इमारत! मधली मराठी शाळा, जिच्यात आमच्या तीन पिढ्या शिकल्या, दीड ओळीत गुंडाळलेली. यंदा मराठी पाचवीचा वर्गच भरला नाही म्हणे.

तेवढ्यात क्लार्कने जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या मुलांची नोंदवही, उघडलं. बहिणीच्या पानावर डाबरे, घोन्साल्विस, खाली वर्तक, म्हात्रे, शेख. पालकाच्या धंद्याच्या रकान्यात शेती, शेती, शेती, मध्येच एक 'पानवेली', म्हणजे विड्याच्या पानांची लागवड. पोर्तुगीज 1739 ला गेले, पुढे किल्ला ओस पडला. त्या किल्ल्याशी नातं सांगायचं आणि या रजिस्टरची लाज वाटायची, हे काही मला पटत नाही.

लेकाची आई :
दादा, तुमची मुलं कुठल्या माध्यमात आहेत?
मी त्याच शाळेत मराठीतून दहावी केली. अकरावी सायन्सला फिजिक्सच्या तासाला नुसती फळ्याकडे बघत बसायचे. ऑसिलेशन म्हणजे आपलं दोलन, हे कळेपर्यंत दिवाळी आली. लेकावर तीच पाळी आणायची नव्हती. मराठी विभाग फादरांनी ओस पाडला नाही, आम्ही मुलं घातली नाहीत. उगाच कोणाला बोल लावू नका.

बावखल :
मोठी इंग्रजीत, धाकटा मराठीत. म्हणजे अर्धा गुन्हेगार मीही. पण पुढे काय करायचं हा वाद वेगळा. मागे काय झालं ते तरी धड लिहा.

निवृत्त मास्तर :
ताईंचं खरं आहे, पण अर्धं. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पट घटला की पद जातं. गणिताचा शिक्षक अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत समायोजनाला गेला की पालक म्हणतात, शिक्षकच नाहीत. मग पट आणखी घटतो. शेजारचा इंग्रजी विभाग विनाअनुदानित, फीवर चालणारा. मॅनेजमेंट कुठल्या रोपाला पाणी घालणार? मी होतो तिथे मराठी विभागाची इलेक्ट्रिक घंटा बिघडली, तर दोन वर्षं शिपाई रुळाचा तुकडा टांगून बडवायचा. इंग्रजीकडची घंटा बिघडली, तर दुपारपर्यंत माणूस हजर.

गिरीजकर :
थोडं कडू बोलतो. मिशनऱ्यांनी मराठी जपली वगैरे भाबडेपणा आहे. बांद्र्याचं सेंट स्टॅनिस्लॉस 1863 मध्ये अनाथ मुलांसाठी सुरू झालं, धोबीतलावचं झेवियर्स 1869 चं. पुढे दोन्ही कुठल्या भाषेमुळे नावारूपाला आली? वसईत मराठीतून शिकवलं, कारण इथल्या वाडीतल्या पोरांना दुसरं काही येत नव्हतं.
आणि मुंबई सरकारने 1954 मध्ये फर्मान काढलंच होतं की इंग्रजी शाळांनी अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाच्या मुलांखेरीज कोणाला घेऊ नये. सुप्रीम कोर्टाने ते त्याच वर्षी उडवलं. शाळा अल्पसंख्याकांची, स्वतःच्या शाळा चालवायचा राज्यघटनेच्या कलम 30 चा हक्क त्यांचा, माध्यम ते ठरवतील.

राजेळी :
गिरीजकर, हक्काबद्दल वाद नाही. पण 'दुसरं येत नव्हतं' हे चूक. आमच्या घरात सामवेदी बोली, पलीकडे वाडवळी. पुस्तकी मराठी आम्हालाही शाळेतच शिकावी लागली. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्सा (रविवारची उपासना) लॅटिनमध्ये चालायची तेव्हा वर्गात तुकाराम पाठ होत होता! कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1965 नंतर, देवळात मराठी आली. तेव्हा मिस्सेत बायबलच्या वाचनाला उभे राहिले ते याच वर्गांतले. आमच्या आईने लाल लुगडं नेसून पहिलं वाचन केलं, हात थरथरत होते म्हणायची. 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर दिब्रिटो वसईचेच. ते काय किल्ल्याच्या तटातून उगवले?

वर्तकांचा धाकटा :
तुम्हाला दीड ओळ तरी मिळाली. आम्ही हिंदू माजी विद्यार्थी तर स्मरणिकेत औषधालाही नाही. रोज सकाळी स्वर्गातल्या बापाची प्रार्थना तोंडपाठ म्हणायचो. आजी काही बोलायची नाही, दारातून निघताना कपाळाला अंगारा मात्र लावायची. मार सगळ्यांना सारखाच बसायचा.

गिरीजकर :
बरं, वाचनाचा मुद्दा मान्य. माध्यमाबद्दल माझं मत तेच. रजिस्टरला वाळवी लागण्याआधी पानांचे फोटो मात्र काढून घ्या.

बावखल :
1960 च्या आधीची रजिस्टरं कपाटात आहेत, किल्ली फादरांकडे. रविवारी मिस्सा सुटल्यावर गाठतो त्यांना. मास्तर, येता का? तुम्हाला नाही म्हणणार नाहीत.

निवृत्त मास्तर :
येतो की. साडेसातची मिस्सा की नवाची?