परग्रहावरचे तेच खलनायक पुन्हा पुन्हा का परततात?

रंकाळाकाठ

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या विज्ञान मंडळात मला दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांविषयी बोलायचे आहे. तयारी सुरू असताना नववीतील एका मुलीने विचारले, की ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेतील डॅलेक, म्हणजे नायक ‘डॉक्टर’चे यंत्रकवचात बसलेले परग्रहावरचे शत्रू, समूळ नष्ट झाल्याचे दाखवतात, तरी पुढे ते पुन्हा येतात कुठून? कथेतले उत्तर सोपे होते, कारण तिथे काळप्रवास आहे. मला पडलेला प्रश्न कथेबाहेरचा आहे. ललितापंचमीला त्र्यंबोली टेकडीवर कोहळा फुटतो आणि असुराचा वध आपण दर वर्षी नव्याने पाहतो, पण त्यामागे श्रद्धा आणि परंपरा आहे. मालिकेच्या लेखकाला हा असुर परत आणावा असे का वाटते? डॅलेक, किंवा ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेतील क्लिंगॉन आणि बोर्ग हे शत्रू, यांचे परतणे आधीपासून ठरलेले होते काय?

साचेकार

ताई, डॅलेकांच्या बाबतीत तरी ठरलेले काहीच नव्हते. बीबीसीवर ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. तिची कल्पना पुढे नेणारे सिडनी न्यूमन यांना मुलांना इतिहास आणि विज्ञान सांगायचे होते, आणि बटबटीत डोळ्यांचे राक्षस मालिकेत येऊ नयेत अशी त्यांची सक्त सूचना होती. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट यांनी मात्र लेखक टेरी नेशन यांच्या डॅलेकांच्या कथेची बाजू लावून धरली. २१ डिसेंबरच्या भागाच्या शेवटी फक्त एक हात दिसला, तुंबलेली मोरी उपसायच्या रबरी पंपासारखा, आणि समोरची बाई किंचाळली. संपूर्ण डॅलेक प्रेक्षकांनी पाहिला तो पुढच्या आठवड्यात.

मी गणेशोत्सवाचे हलते देखावे करतो, त्यामुळे मला सर्वांत मोठे वाटते ते डॅलेकचे रूप घडवणारे रेमंड क्यूसिक यांचे काम. मुखवटा घातलेला माणूस कितीही भयंकर केला तरी त्याचे दोन पाय त्याला उघडा पाडतात. नेशन यांना तेव्हाच्या सोव्हिएत संघातील जॉर्जियाच्या नर्तकींसारखी, लांब घेराच्या झग्याखाली पाय न दिसता सरकत जाणारी चाल हवी होती. क्यूसिक यांनी माणसाला आत बसवून खाली चाके लावली आणि माणूस असल्याची खूणच पुसून टाकली. एकाच आवाजात सगळे बोलत असल्याने कोण बोलतो आहे ते कळावे, म्हणून डोक्यावरचे दिवे शब्दांबरोबर लुकलुकतात. पहिल्या कथेसाठी असे चारच सांगाडे बनवले होते आणि गर्दी भासावी म्हणून मागे छायाचित्रे उभी केली होती. एकदा इतका चांगला सांगाडा हाती आल्यावर कोणता कारागीर तो अडगळीत टाकील?

मात्र सांगाडा हे अर्धेच कारण आहे. नेशन यांचे लहानपण कार्डिफमध्ये, जर्मन बाँबवर्षावाच्या काळात गेले होते. १९६४ च्या दुसऱ्या कथेत डॅलेक लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर पुलावरून सरकत जातात, तेव्हा पाहणाऱ्या आईवडिलांना युद्ध संपून वीस वर्षेही झाली नव्हती. स्वतःहून वेगळे ते सारे नष्ट करायचे, ही भाषा त्यांच्या ओळखीची होती.

एक गोष्ट सांगताना आजही वाईट वाटते. नेशन बाहेरचे लेखक असल्याने डॅलेकांच्या हक्कांत त्यांचा वाटा राहिला. क्यूसिक बीबीसीचे पगारी नोकर असल्याने खेळण्यांच्या प्रचंड विक्रीतून त्यांना हिस्सा मिळाला नाही. पुढे नेशन यांनी अमेरिकेत डॅलेकांची स्वतंत्र मालिका काढण्याची खटपट केली आणि १९६७ नंतर १९७२ पर्यंत ‘डॉक्टर हू’मध्ये डॅलेकांची एकही नवी कथा आली नाही. खलनायक परततो तो हक्कदारांच्या संमतीने, हेही मुलांना जरूर सांगा.

पंचगंगेचा प्रवासी

‘स्टार ट्रेक’विषयी थोडी भर घालतो; लहानपणी ती दूरदर्शनवर पाहिल्यापासून माझा या विषयाशी जिव्हाळा आहे. तिथे पहिले शत्रू रोम्युलन, डिसेंबर १९६६ मध्ये आले. त्यांचे टोकदार कान बनवणे खर्चाचे असल्याने बऱ्याच सैनिकांना शिरस्त्राणे घातली होती. मार्च १९६७ मध्ये क्लिंगॉन आले. त्यांना रंग, मिशा आणि भुवया एवढेच पुरत असे, म्हणून अधिक वेळा बोलावणे आले ते त्यांनाच. आज ओळखीचे झालेले कपाळावरचे उंचवटे १९७९ च्या चित्रपटात प्रथम दिसले.

याउलट, ठरवून शत्रू घडवण्याचा प्रयत्न फसला. १९८७ च्या नव्या मालिकेत फेरेंगी हे मुख्य शत्रू व्हावेत अशी योजना होती, पण त्यांची कुणाला भीतीच वाटली नाही. मे १९८९ मध्ये बोर्ग आले, आणि त्यांचेही मूळ रूप कीटकांचे होते, जे खर्चामुळे सोडून द्यावे लागले. माणसाच्या अंगात यंत्रे रोवलेले जे रूप शेवटी ठरले, ते मला कीटकांपेक्षा कितीतरी भयंकर वाटते. ते ठार मारत नाहीत, तुम्हाला आपल्यात सामावून घेतात. १९९० मध्ये त्या मालिकेचे नायक कप्तान पिकार्ड यांनाच त्यांनी आपल्यातला एक करून टाकले.

रंकाळाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आता एकच शंका उरते. वारंवार हरणाऱ्या शत्रूची भीती उरते कशी?

पंचगंगेचा प्रवासी

ती उरत नाही, ताई, आणि चांगल्या लेखकांना ते ठाऊक असते. म्हणून ते शत्रूची संख्या वाढवण्याऐवजी त्याच्याकडे पाहण्याची जागा बदलतात. १९९२ मध्ये एकच जखमी बोर्ग तरुण दाखवला, त्याला ह्यू हे नाव मिळाले, आणि त्याच्यामार्फत सर्व बोर्गांचा संहार करावा की नाही असा पेच पिकार्ड यांच्यापुढे उभा राहिला. २००५ मध्ये ‘डॉक्टर हू’नेही साखळदंडांत जखडलेला एकच डॅलेक आणला. त्या भागात द्वेषाने बोलणारा खुद्द डॉक्टर असतो, आणि तूही चांगला डॅलेक झाला असतास, असे डॅलेक त्याला ऐकवतो. मुलांना एकच प्रसंग दाखवायचा असेल तर माझ्या मते तो दाखवावा.

साचेकार

तो भाग मीही सुचवणार होतो. आपल्या कार्यक्रमाची तारीख कळवा. माझ्याकडे चाकांवर सरकणारा, आत माणूस बसू शकेल असा फायबरचा एक जुना सांगाडा आहे. तो मी शाळेत घेऊन येईन, म्हणजे पाय झाकले की माणूस कसा नाहीसा होतो ते मुलांना प्रत्यक्ष पाहता येईल.