उंची ५ फूट २ आणि हँडलबार ७८०, कापू की ठेवू?

घोडबंदर_ते_येऊर: दोन महिन्यांपूर्वी हार्डटेल घेतली (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल), २९ इंची चाकं, बार ७८० मिमी रुंद. दुकानात विचारलं होतं की माझ्या मापाला हा मोठा नाही का, तर म्हणाले आता सगळे रुंदच येतात, सवय होईल. नाही झाली सवय. पहाटे ठाण्यात उपवनवरून येऊरचा चढ चढते, वर पोचेपर्यंत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधीर, कोपरं ताठ, खड्डा आला की धक्का थेट खांद्यात. आणि माझ्या मॉडेलमध्ये स्मॉल फ्रेमलाही हाच बार, एक्स्ट्रा लार्जलाही हाच! सहा फुटी माणसाचा बार माझ्या गळ्यात का? ७२० ला कापायचं म्हणतेय. ज्यांना चूक वाटतंय त्यांनी कारणासकट सांगा.

खारघर_टेकडी: ताई कापू नका. रुंद बार म्हणजे तरफ आहे. उतारावर पुढचं चाक दगडावर आदळून वळायला लागलं की ते सरळ धरायला ७२० वर ७८० पेक्षा साधारण ८ टक्के जास्त जोर लागतो. आमच्याकडे पावसाळ्यानंतर टेकडीवर सगळा सुटा मुरूम असतो, तिथे हे ८ टक्के हातात जाणवतात. मी ७४० वरून ८०० वर गेलो आणि उतरतानाची भीती गेली, खरंच सांगतो.

घोडबंदर_ते_येऊर: दादा तुम्ही मुरमात उतरता, मी नाही. येऊरच्या आतल्या वाटा नॅशनल पार्कमध्ये येतात, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे सायकल घालायची नाही आणि मी घालत नाही. माझं नव्वद टक्के डांबर, आणि ऑफिसला जाताना माजिवड्याला रिक्षा आणि बसच्या मधून काढायची. परवा रिक्षाच्या आरशाला बार घासला, तोल जाता जाता राहिला. मग मी उतारासाठीचा बार का बाळगू?

नेरूळ_जुनी_एमटीबी: थोडं मागचं सांगतो. नव्वदच्या दशकात आम्ही ५६०-५८० चे बार आणि १२० मिमीचे स्टेम (बार सायकलला जोडणारा पुढचा तुकडा) चालवलेत. चढाला मस्त, पण वेगात उतरताना शिंकलं तरी सायकल वळायची. नंतर स्टेम ५० च्या आत आले, फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा, कोन आडवा झाला, आणि त्याच्या जोडीने बार रुंद झाले. ही फॅशन नाही, तिन्ही गोष्टी एकमेकींवर बेतलेल्या आहेत. नुसता बार ६ सेंटिमीटरने कमी केला आणि स्टेम तसाच ठेवला तर पुढचं चाक चंचल वाटेल. थोडं कमी करा, पण ७२० ची उडी एकदम नको.

ऐरोली_पाना: मी दुरुस्तीचंच काम करतो म्हणून सांगतो, करवत सगळ्यात शेवटी. आधी एलन कीने ग्रिप, ब्रेक लिव्हर, गिअरचा शिफ्टर सगळं दोन्हीकडून १०-१० मिमी आत सरकवा. ग्रिपची टोकं बंद असतील तर आत जाणार नाहीत, उघडी ग्रिप आणा. बाहेर राहिलेल्या नळीला प्लग हवाच, उघडी नळी पोटात घुसते. आठवडाभर चालवा, बरं वाटलं तर अजून १० आत. फक्त तेव्हा माजिवडा नको, बाहेर आलेली टोकं अडकतात. आणि बोटं बधीर होतात ते नुसत्या रुंदीने नाही. सीटचं नाक खाली झुकलं असेल तर सगळा भार तळहातावर येतो आणि करंगळीकडची नस दबते. आधी सीट बघा. कापलेला बार जोडता येत नाही.

खारघर_टेकडी: पाना भाऊ बरोबर. पण मी म्हणतो ७४० च्या खाली नकोच. पुशअपच्या पोझिशनमध्ये हात टेकवून बाहेरचं अंतर मोजायचं हा प्रकार लोक सांगतात, तो सुरुवातीला ठीक, पण जमीन हलत नाही आणि सायकल हलते.

घोडबंदर_ते_येऊर: बारा दिवसांनी लिहितेय. सीटचं नाक खरंच झुकलेलं होतं, सपाट केलं, त्यानेच बधीरपणा निम्मा गेला, हे मी आधी मानलं नव्हतं. मग ७६० करून चालवली, मग ७४०. ७४० ला कोपरं पहिल्यांदा वाकली, येऊरवरून उतरताना छाती आपोआप खाली आली. एका पहाटे ७२० पण करून बघितलं, गर्दीत सोपं जाईल पण उतारावर सायकल खरंच चुळबुळ करत होती, नेरूळचे काका बरोबर होते. आता ७४० वर खूण केलीये. तरी माझा मुद्दा सोडत नाही, स्मॉल फ्रेमला कंपनीने ७४० च द्यायला हवा.

ऐरोली_पाना: कंपनीने मोठा दिला म्हणूनच तुम्हाला कमी करून बघता आलं. अ‍ॅल्युमिनियम असेल तर पाइप कटर वापरा, कडा कानसने घासा. कार्बन असेल तर बारीक दातांचं पातं आणि तोंडाला मास्क. आणि दोन्हीकडून २०-२०, एकाच बाजूने ४० नाही, असाही बार दुकानात आलाय माझ्याकडे.

खारघर_टेकडी: ७५० ला कापा ना ताई. एकदा खारघरला चालवून बघा, मग उरलेले १०.